सदाशिवरावभाऊ आणि ओळखीचा प्रश्न

(द्वितीय वर्ष, कला)

माणसाची ओळख म्हणजे त्याचा चेहरा, असे आपण सहज म्हणतो. परंतु चेहरा ओळखणे ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. मराठ्यांच्या इतिहासात एका थोर पुरुषाच्या बाबतीत हा प्रश्न इतका बिकट झाला की, त्यापायी सैन्ये उभी राहिली, किल्ले गेले आणि हजारो लोक भ्रमात सापडले. तो पुरुष म्हणजे पानिपतचा सेनापती सदाशिवरावभाऊ.

भाऊसाहेबांचा जन्म १७३० च्या ऑगस्ट महिन्यात झाला. वसईचा विजेता चिमाजीआप्पा हे त्यांचे वडील. आई रखमाबाई त्यांच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत वारल्या, आणि १७४० साली चिमाजीआप्पाही गेले. आजी राधाबाई यांनी या पोरक्या मुलाला वाढविले. रामचंद्रबाबा सुखटणकर यांच्यासारख्या मुत्सद्द्याच्या हाताखाली त्यांनी कारभाराचे शिक्षण घेतले. विशीच्या आतच त्यांनी कर्नाटकची मोहीम केली. पुढे पुण्यात राहून हिशेब, फडाचे कामकाज आणि शिस्त यांत त्यांनी असा दरारा निर्माण केला की, नानासाहेब पेशव्यांचा उजवा हात म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाऊ लागले.

१७६० च्या फेब्रुवारीत उदगीरच्या लढाईत त्यांनी निजामाला नमविले. त्या तहात दौलताबाद, अहमदनगर यांच्याबरोबरच अशीरगड आणि बऱ्हाणपूरही मराठ्यांना मिळाले. खानदेशच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको. भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की लागते तेच हे बऱ्हाणपूर. त्याच वर्षी मार्चमध्ये परतूरहून निघालेली भाऊंची फौज बऱ्हाणपुरावरूनच उत्तरेकडे गेली. आमच्या तापीकाठच्या कितीतरी लोकांनी त्या वेळी भाऊसाहेबांना पाहिले असेल. पण पाहिले म्हणजे कसे? धुळीच्या लोटातून, हत्तीच्या अंबारीत, दुरून आणि क्षणभर!

ऑगस्टमध्ये दिल्ली, ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतचा संहार. विश्वासराव पडल्यावर भाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. त्यानंतर ते आपल्या माणसांना दिसले नाहीत. मोती, मोहरा आणि खुर्दा अशा सावकारी भाषेत लिहिलेले नुकसानीचे पत्र नानासाहेबांच्या हाती पडले. त्या दुःखाने खचून जूनमध्ये पेशव्यांनी पर्वतीवर प्राण सोडला.

येथे सामान्य चरित्र संपते. भाऊसाहेबांचे मात्र येथून दुसरे चरित्र सुरू होते.

शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने पानिपतची हकीकत लिहून ठेवली आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे रणांगणावर एक शिर नसलेले धड सापडले. तेथील मराठी वकिलांनी ते अंगावरच्या खुणांवरून ओळखले. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, पाठीवर १७५९ साली मारेकऱ्याने केलेल्या वाराचा व्रण आणि तळपायावरील शुभ रेषा. मस्तक मागाहून मिळाले व अंत्यसंस्कार झाले. परंतु हे सारे पुण्यापासून शेकडो कोस दूर घडले. घरच्या माणसाने चेहरा पाहिला नाही. जेथे चेहरा दिसत नाही तेथे आशेला जागा मिळते, आणि त्या जागेत एक मनुष्य येऊन उभा राहिला.

हा बुंदेलखंडातला एक कनोजा ब्राह्मण. त्याचे नाव सुखनिधान, काही ठिकाणी सुखलाल असेही आढळते. तो भाऊंसारखा दिसत असे. युद्धानंतर दोनतीन वर्षांतच मीच सदाशिवराव, असे तो म्हणू लागला. माधवराव पेशव्यांनी त्याला धरून चौकशी केली. तेव्हा त्याने आपले खरे नाव व गाव कबूल केले आणि त्याची रवानगी किल्ल्यांवरील कैदेत झाली. प्रकरण मिटले असे वाटले. पण १७७६ साली रत्नागिरीस रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला मोकळे केले आणि पाहता पाहता कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले. हजारो लोक त्याला मुजरा करू लागले. इतिहासात यालाच तोतयाचे बंड म्हणतात.

कबुली दिलेल्या माणसावर लोकांनी पुन्हा विश्वास कसा ठेवला? मानसशास्त्राच्या तासाला जे शिकलो त्याने हे कोडे मला थोडे उलगडले. परिचित चेहरा आणि अपरिचित चेहरा आपण एकाच रीतीने ओळखत नाही. अपरिचिताच्या बाबतीत आपली नजर केस, दाढी, पागोटे, बांधा अशा वरवरच्या गोष्टींवर टिकते आणि तेवढे जुळले की मन हो म्हणते. परिचिताच्या बाबतीत डोळे, नाक, तोंड यांची ठेवण मनात पक्की बसलेली असते. आमच्याकडे आठवडे बाजारात शंभर बैलांतून शेतकरी आपला बैल शिंगाच्या नुसत्या वळणावरून काढतो, परक्याला मात्र सारे पांढरे बैल सारखेच दिसतात. १९७५ साली अमेरिकेत बारिक यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळा सोडलेल्या सुमारे चारशे जणांना वर्गमित्रांची छायाचित्रे दाखविली. जवळजवळ ३५ वर्षांनंतरही लोक दहांपैकी नऊ चेहरे बरोबर ओळखत होते. म्हणजे सहवासातला चेहरा काळ सहसा पुसत नाही. पानिपतानंतरची पंधरा वर्षे ही सबब भाऊंच्या सोबत्यांना लागू पडत नव्हती.

कोकणातल्या शिपायाने भाऊंना एकतर पाहिलेच नव्हते किंवा दुरून पाहिले होते. शिवाय त्याच्यापुढे हा मनुष्य भाऊसाहेब म्हणूनच आणला गेला. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस यांनी दाखवून दिले की, मोटारींच्या टकरीचा चित्रपट पाहिलेल्यांना प्रश्न विचारताना नुसते क्रियापद बदलले तरी त्यांनी सांगितलेला वेग बदलतो. मग नावच आधी सांगितल्यावर डोळे काय करणार? म्हणूनच आज पोलीस तपासात ओळखपरेड घेताना संशयिताला त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इतरांच्या रांगेत उभे करतात. तोतयाच्या शेजारी मात्र दुसरे कोणीच उभे नव्हते. नारायणरावांचा खून, राघोबांचा इंग्रजांशी घरोबा आणि बारभाईंवरचा राग, या १७७६ च्या वातावरणात अनेकांना भाऊ परत यायला हवे होते, हेही विसरून चालणार नाही.

ज्यांनी भाऊंना जवळून पाहिले होते ते मात्र फसले नाहीत. नाना फडणीस पानिपतच्या मोहिमेत त्यांच्या बरोबर होते. महादजी शिंदे त्याच युद्धात पायाला कायमचे अधू होऊन परतले होते. नानांनी कारभार सांभाळला, महादजी आणि भिवराव पानसे यांनी बंड मोडले. पळालेल्या तोतयाला कुलाब्याच्या रघूजी आंग्र्यांनी पकडले. पुण्यात पुन्हा चौकशी झाली आणि १७७६ च्या डिसेंबरमध्ये त्याला देहदंड मिळाला.

पानिपतविषयी आज आपण विश्वासाने बोलू शकतो, कारण इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी वाईस मिळालेली त्या काळातील पत्रे १८९८ मध्ये छापून काढली. राजवाडे यांचा देह धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ रोजी पडला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ धुळ्यात आहे. डोळ्यांच्या साक्षीला कागदाची जोड लागते, ही त्यांची शिकवण खानदेशच्या विद्यार्थ्याने तरी विसरू नये. उद्या आपल्यापैकी कोणालाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून एखाद्याकडे बोट दाखवावे लागेल. ते बोट उचलण्यापूर्वी आपण त्याला ओळखतो की केवळ पाहिले आहे, एवढे स्वतःला विचारावे.

आणखी एका व्यक्तीचा उल्लेख केल्याशिवाय भाऊंचे चरित्र पुरे होत नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी पतीचा मृत्यू कधीच मानला नाही. त्यांनी कुंकू पुसले नाही. तोतयाचा अंत झाल्यावरही सात वर्षे, १७८३ साली मृत्यू येईपर्यंत, त्या सवाष्णच राहिल्या. म्हणजे पुण्यात मारला गेलेला तो मनुष्य आपला पती नव्हे, हे त्यांच्या मनात पक्के असले पाहिजे. पती परत यावा ही आस साऱ्या राज्यात त्यांच्याइतकी कोणाला असणार? तरीही त्या आशेने त्यांनी परक्या चेहऱ्याला पतीचे नाव दिले नाही.