डिझेल पंपाला टिकाऊपणा देणारा कारागीर

डोंगरकडा (जि. हिंगोली) - केळीची तोडणी सुरू झाली, की नांदेड-हिंगोली रस्त्यावरील डोंगरकडा परिसरात पिकअप गाड्यांची वर्दळ वाढते. हळदीच्या हंगामात याच गाड्या वसमत आणि हिंगोलीच्या बाजार समित्यांकडे पोती वाहतात. केळीचा माल नाशवंत, रस्ता शेताचा आणि वेळ ठरलेली. अशा वेळी गाडी वाटेत बंद पडून फिटरने पंप गेल्याचे सांगितले, तर मालकाच्या पोटात गोळा उभा राहतो. पंक्चर काढता येते, पट्टा बदलता येतो. डिझेल पंप ही मात्र रस्त्याच्या कडेला उघडण्याची वस्तूच नव्हे. हा पंप नेमका किती टिकतो, याचे उत्तर शोधू गेल्यास वाट जर्मनीतील एका खानावळवाल्याच्या मुलापाशी जाऊन पोचते. रॉबर्ट बॉश हे त्यांचे नाव. त्यांच्या आडनावाचा शिक्का लाखो पंपांवर उमटला. त्या नावामागचा माणूस मात्र आपल्याकडे फारसा परिचित नाही.

बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी दक्षिण जर्मनीतील उल्म शहराजवळच्या आल्बेक या खेड्यात झाला. बारा भावंडांत ते अकरावे. घरची शेती मोठी होती आणि वडील खानावळही चालवीत. मुलगा शाळेत फारसा रमला नाही. उल्ममधील एका कारागिराकडे सूक्ष्म यंत्रकामाच्या उमेदवारीसाठी त्यांना ठेवण्यात आले. पण उस्तादाचे शिकवण्याकडे लक्ष नव्हते आणि उमेदवारीची ती वर्षे जवळपास वाया गेली. या अनुभवाची सल त्यांच्या मनात कायम राहिली असावी, कारण पुढे १९१३ मध्ये त्यांनी स्वतःच्या कारखान्यात उमेदवारांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण विभागच सुरू केला.

उमेदवारीनंतर त्यांनी बरीच भटकंती केली. जर्मनीतील निरनिराळ्या कर्मशाळांत काम, स्टुटगार्टच्या तंत्रमहाविद्यालयात काही काळ श्रोता विद्यार्थी म्हणून हजेरी, मग १८८४ मध्ये अमेरिका. तेथे त्यांना एडिसन यांच्या कारखान्यात काम मिळाले. कामगारांच्या संघटनेत ते सामील झाले ते याच काळात. पुढे लंडनमध्ये सीमेन्स बंधूंच्या कारखान्यात काही महिने काढून ते मायदेशी परतले. वारसाहक्काने आलेल्या पैशातून दहा हजार मार्कांचे भांडवल उभे करून १५ नोव्हेंबर १८८६ रोजी त्यांनी स्टुटगार्टमध्ये लहानशी कर्मशाळा थाटली. सोबत एक मिस्त्री आणि एक पोऱ्या, एवढाच परिवार. घंटा, दूरध्वनी, विजेची जोडणी असे मिळेल ते काम करीत. धंदा बेताचाच होता. नव्वदीच्या दशकाच्या प्रारंभी तर जवळपास सर्व कामगारांना निरोप देण्याची पाळी आली.

त्यांना तारले ते मॅग्नेटोने, म्हणजे पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या छोट्या विद्युतयंत्राने. एका ग्राहकाच्या मागणीवरून १८८७ मध्ये त्यांनी एका जागी बसवलेल्या इंजिनासाठी पहिला मॅग्नेटो बनवला. १८९७ मध्ये तो वेगवान मोटार इंजिनाला बसवण्यात यश आले, आणि १९०२ मध्ये त्यांचे अभियंते गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो व स्पार्क प्लग सिद्ध केला. युरोप-अमेरिकेतील मोटारींच्या ठिणगीचा प्रश्न त्यामुळे मिटला. बॉश धनाढ्य झाले.

पैसा आला तरी त्यांचा काटकसरी स्वभाव गेला नाही. कारखान्याच्या फरशीवर पडलेली कागदाची टाचणीसुद्धा त्यांच्या नजरेतून सुटत नसे आणि रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला, की त्यांचा पारा चढे, अशा गोष्टी त्यांच्याविषयी आजही सांगितल्या जातात. मजुरीच्या बाबतीत मात्र त्यांनी हात आखडता घेतला नाही. १९०६ मध्ये त्यांनी आठ तासांचा दिवस लागू केला. जर्मनीत दहा तास राबवून घेण्याची सर्रास पद्धत असलेला तो काळ होता. अन्य कारखानदारांनी नाके मुरडली. थकलेला हात चुका करतो आणि चुकलेला भाग गिऱ्हाइकाच्या गाडीत जातो, हे या निर्णयामागचे रोकडे गणित होते. आपला माल कोणी तपासला आणि तो कमअस्सल निघाला, ही कल्पनाच त्यांना असह्य होई. तरीही १९१३ मध्ये त्यांच्याच कारखान्यात मोठा संप झाला. त्याचा घाव त्यांना जिव्हारी लागला.

पंप कसा आला?

डिझेल इंजिनाचा शोध बॉश यांचा नव्हे. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वी झाले होते. पण त्यात इंधन आत ढकलण्यासाठी दाबलेली हवा लागे आणि त्या हवेसाठी बोजड कॉम्प्रेसर. कारखान्यात किंवा जहाजावर तो चालून जाई. मालमोटारीत तो कुठे बसवणार? डिझेल १९१३ मध्ये समुद्रप्रवासात जहाजावरून नाहीसे झाले. आपले इंजिन रस्त्यावर धावताना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

हवेऐवजी थेट पंपानेच इंधन दाबून सोडण्याचे प्रयत्न अनेकांनी केले. प्रत्येक इंजिन कारखाना आपापला पंप घडवी आणि प्रत्येकाचा पंप आपापल्या परीने रडवी. बॉश यांनी १९२२ च्या अखेरीस या कामात उतरण्याचा निर्णय घेतला. वय एकसष्ट. आदल्याच वर्षी त्यांचा एकुलता मुलगा प्रदीर्घ आजाराने गेला होता; कारखाना ज्याच्या हाती सोपवायचा, तोच उरला नव्हता. पेट्रोलच्या मॅग्नेटोवर सारा डोलारा उभा असताना डिझेलच्या पंपावर खर्च करणे म्हणजे आपल्याच गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानाचा पत्ता देण्यासारखे होते. तरीही डझनभर आराखडे तयार झाले, तपासले गेले, बाजूला पडले. १९२५ पर्यंत अंतिम रचना ठरली आणि १९२७ च्या अखेरीस पंपांचे नियमित उत्पादन सुरू झाले. मधल्या काळात जर्मन मोटार उद्योगावर मंदी कोसळून बॉश कंपनीलाही मोठी कामगारकपात करावी लागली होती. पुढील काही वर्षांत मालमोटारी, ट्रॅक्टर आणि १९३६ मध्ये मर्सिडीजची डिझेल मोटार या पंपावर धावू लागल्या.

या पंपाचे मर्म दोन भागांत आहे. एक पोलादी दांडी, म्हणजे प्लंजर, आणि ती जिच्यात वरखाली होते ती नळी. आपल्याकडील पंप दुरुस्तीवाले या जोडीला एलिमेंट म्हणतात. दोहोंमधील फट अवघी काही मायक्रॉन. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड. दांडीला तिरकी खाच असते. दांडी किंचित फिरवली, की इंधन कमी-जास्त जाते, आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय प्रत्यक्षात हीच दांडी फिरवत असतो. या फटीत वंगण म्हणून वेगळे तेल नसते. डिझेल हेच तिचे वंगण.

पंप किती टिकतो, याचे उत्तर येथे दडले आहे. इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल, तर अशा पंपाची प्रत्येक दांडी मिनिटाला हजार वेळा वरखाली होते. तासाला साठ हजार. ताशी चाळीस किलोमीटरच्या सरासरीने दोन लाख किलोमीटर चाललेल्या गाडीत हा आकडा तीस कोटींवर जातो. स्वच्छ डिझेल मिळाले, फिल्टर वेळेवर बदलला, तर चांगला पंप हा टप्पा ओलांडतो आणि कित्येकदा इंजिनाला साथ देतो. पाणी शिरले, तर मात्र एखादी खेपही पुरते. पाण्याने पोलाद गंजते, वंगण तुटते आणि मायक्रॉनभर फटीत दांडी अडकून बसते. रॉकेलची भेसळही अशीच घातक, कारण रॉकेल पातळ आणि कोरडे. उघड्या ड्रममधून बादलीने डिझेल ओतणे, टाकी तळाला जाईपर्यंत गाडी दामटणे, पावसाळ्यात फिल्टरखालचे पाणी न सोडणे या सवयींनी जितके पंप खाल्ले, तितके किलोमीटरने खाल्ले नसतील.

नव्या पिकअप गाड्यांतील कॉमन रेल पंपाची रचना निराळी आहे. बॉश कंपनीने ही पद्धत १९९७ मध्ये मोटारींसाठी बाजारात आणली. तिच्यात दाब दीड-दोन हजार बारच्या घरात जातो. मोटारीच्या टायरमधील हवा दोन-तीन बार असते, यावरून कल्पना यावी. दाब वाढला तशी घाण सहन करण्याची ताकद घटली. जुना पंप खोकत, धूर ओकत का होईना, गाडी घरापर्यंत आणी. नव्या पंपाचा धातू झिजून कण सुटले, की ते पुढे इंजेक्टरपर्यंत जातात आणि बिल अनेक पटींनी फुगते. बीएस-६ मानकानुसार १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत दहापेक्षा अधिक नसते. गंधक काढताना डिझेलचा नैसर्गिक स्निग्धपणाही कमी होतो. तो भरून काढणारे द्रव्य तेल कंपन्यांना मिसळावे लागते.

काळोखाची वर्षे

बॉश यांच्या उत्तरायुष्यातील प्रसंग पंपाइतके सरळ नाहीत. पहिल्या महायुद्धात शस्त्रसामग्रीतून मिळालेला नफा अंगाला लावून घेणे त्यांना रुचले नव्हते. त्यातील मोठी रक्कम त्यांनी नेकार नदीच्या कालव्यासाठी आणि अन्य लोकोपयोगी कामांना दिली. फ्रान्स-जर्मनी समेटाचा त्यांनी हिरिरीने पुरस्कार केला. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि या साऱ्यावर पाणी पडले. कंपनीला युद्धसामग्रीची कामे मिळत गेली व ती तिने केली. ज्या पंपांनी शेतकऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा, तेच सैन्याच्या मालमोटारी हाकू लागले.

दुसरीकडे, बॉश आणि त्यांचे निकटचे सहकारी छळ झालेल्या ज्यूंना गुपचूप मदत करीत होते. हिटलरविरोधी कटाचे एक सूत्रधार कार्ल गोर्डेलर यांना १९३७ मध्ये कंपनीने सल्लागार नेमून आडोसा दिला. त्यांना १९४५ मध्ये फाशी झाली. बॉश यांचे उजवे हात हान्स वाल्झ यांचा ज्यूंना दिलेल्या मदतीबद्दल इस्रायलने १९६९ मध्ये गौरव केला. पण युद्धकाळात याच कंपनीच्या कारखान्यांत सक्तीने आणलेले हजारो मजूर राबले, हेही तितकेच खरे. मदतीच्या नोंदीने ही दुसरी नोंद पुसली जात नाही. आठ तासांचा दिवस देणाऱ्या माणसाच्या नावाने हे घडले, ही बाब अधिक बोचते.

बॉश यांना शेतीचा ओढा होता. बव्हेरियातील दलदलीची विस्तीर्ण जमीन त्यांनी १९१२ पासून घेतली आणि तेथे गाईगुरांचे आदर्श शेत उभारण्यासाठी वर्षानुवर्षे पैसा ओतला. नफ्याच्या हिशेबात ते शेत कधी बसले नाही. होमिओपॅथीवर त्यांची श्रद्धा होती. त्या उपचारांसाठी स्टुटगार्टमध्ये त्यांनी १९४० मध्ये रुग्णालय सुरू केले. १२ मार्च १९४२ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता, तिनेच त्यांची अंत्ययात्रा सरकारी इतमामाने काढली. त्यांच्या मृत्युपत्रातील इच्छेला धरून १९६४ पासून कंपनीचे बहुतांश भागभांडवल धर्मादाय प्रतिष्ठानाकडे आहे.

भारतात त्यांचा माल १९२२ मध्ये कोलकात्याच्या विक्रेत्यांमार्फत येऊ लागला होता. १९५१ मध्ये बंगळूर येथे मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच मायको, स्थापन झाली आणि स्पार्क प्लग व डिझेल पंप येथेच तयार होऊ लागले. पुढे नाशिकच्या सातपूर भागात मायकोचा कारखाना आला. पंपाने दाबलेले डिझेल इंजिनात फवारणारी नोझल तेथे बनू लागली. शहरातील एका चौकाला मायको सर्कल हे नाव पडले, ते या कारखान्यामुळे. २००८ मध्ये कंपनीने मायको हे नाव टाकून बॉश लिमिटेड हे नाव घेतले. चौकाचे नाव मात्र बदलले नाही.