चुकीची तरतूद

चूक होणारच असे धरून चालणाऱ्यास आपण निराशावादी म्हणतो. शिकागोत जन्मलेले गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग (१९१५–१९९८) तसेच धरून चालले. बेल प्रयोगशाळेत शनिवार-रविवारी यंत्रावर सोपविलेली त्यांची गणिते एक चूक आढळताच अर्धवट टाकली जात. त्या वैतागातून जन्मलेली पद्धती १९५० साली प्रसिद्ध झाली : चार माहिती-अंकांना तीन तपासणी-अंक जोडले, की सातांतील कोणताही एक बिघडलेला अंक हुडकून सुधारता येतो. मात्र दोन बिघडले, तर ही दुरुस्तीच तिसरी चूक घडविते. म्हणून मार्ग किती सदोष हे पाहूनच तपासणी-अंक ठरवावे लागतात. कमी पडले तर संदेश बिघडतो, अधिक झाले तर वेळ वाया जातो. १९६८ चा ट्यूरिंग पुरस्कार हॅमिंग यांना लाभला. त्यांचा निराशावाद ही खरी दूरदृष्टी होती.