मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर

जुन्या बोलपटांचे चार रसिक एकत्र जमले, की एक वाद हमखास निघतो. सोहराब मोदी यांची सर्वांत मोठी ऐतिहासिक भूमिका कोणती? एकजण 'पुकार'मधल्या संग्रामसिंहाचे नाव घेतो. दुसरा लगेच 'सिकंदर'मधला पोरस पुढे करतो. तिसऱ्याला 'पृथ्वीवल्लभ'मधल्या मुंजाखेरीज कोणी दिसतच नाही. चहाचे कप रिकामे होतात, वाद मात्र संपत नाही.

या वादात एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ज्या तीन भूमिकांसाठी ही मंडळी भांडतात, त्यांपैकी एकही विजेत्याची नाही. एक बादशहाचा चाकर, एक रणात हरलेला राजा आणि एक शत्रूच्या कैदेत पडलेला. ऐतिहासिक चित्रपटांचा बादशहा म्हणून ज्याची ख्याती, त्या नटाने स्वतःसाठी निवडलेली ही माणसे! असे का व्हावे? उत्तर शोधायचे, तर त्यांच्या आयुष्याकडे वळायला हवे.

रामपूरची भाषा, रंगभूमीचा आवाज

सोहराब मोदी यांचा जन्म २ नोव्हेंबर १८९७ रोजी मुंबईत, एका पारशी कुटुंबात झाला. वडील रामपूर संस्थानात नोकरीला, त्यामुळे बालपण तिकडेच गेले. रामपुरात त्यांच्या कानावर अस्सल उर्दू पडली आणि ती जन्मभराची शिदोरी ठरली. शाळा संपल्यावर थोरले बंधू केकी यांच्यासह त्यांनी ग्वाल्हेरला फिरत्या सिनेमाचे खेळ केले. पुढे दुसरे बंधू रुस्तम यांच्या साथीने आर्य सुबोध नाटक कंपनी काढली आणि शेक्सपियरची नाटके उर्दूत घेऊन गावोगाव दौरे केले.

तो काळ ध्वनिक्षेपकाचा नव्हता. शेवटच्या रांगेत बसलेल्या, सर्वांत स्वस्त तिकिटाच्या प्रेक्षकापर्यंत शब्द पोचला नाही, तर नटाची धडगत नसे. मोदींचा तो खणखणीत, प्रत्येक अक्षर सुटे करून उच्चारणारा आवाज या शाळेत तयार झाला. पुढे 'शीशमहल'च्या वेळची एक हकिगत सांगतात. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात खेळ चालू असताना पुढच्या रांगेत एक गृहस्थ डोळे मिटून बसलेले मोदींना दिसले. चित्रपट रटाळ वाटतो आहे असे समजून त्यांनी त्या गृहस्थांना तिकिटाचे पैसे परत करायला माणूस धाडला. माणूस परत आला तो वेगळीच बातमी घेऊन. ते गृहस्थ अंध होते आणि केवळ मोदींचा आवाज ऐकण्यासाठी आले होते.

१९३१ साली बोलपट आला आणि नाटक कंपन्यांचे दिवस फिरले. मोदींनी काळाची पावले ओळखून १९३५ मध्ये 'हॅम्लेट'वरून 'खून का खून' पडद्यावर आणला. नसीम बानू यांचा हा पहिला चित्रपट. पाठोपाठ 'सैद-ए-हवस' आला. दोन्ही चालले नाहीत. तरीही खचून न जाता १९३६ मध्ये त्यांनी मिनर्व्हा मूव्हीटोन ही संस्था उभी केली. दारूच्या व्यसनावर 'मीठा जहर', घटस्फोटाच्या प्रश्नावर 'डिव्होर्स' असे सामाजिक चित्रपट काढले. पण खरा सूर लागला तो १९३९ मध्ये, 'पुकार'ने.

तीन माणसे, एकच ताठ कणा

'पुकार'ची गोष्ट जहांगीर बादशहाच्या न्यायाची. संग्रामसिंह हा बादशहाचा इमानी राजपूत सरदार. त्याच्या मुलाच्या हातून खून होतो, तेव्हा हा बाप स्वतःच मुलाला पकडून दरबारात उभा करतो. बादशहा देहदंड फर्मावतो. पुढे खुद्द नूरजहाँच्या बाणाने एका धोब्याचा जीव जातो आणि त्याची विधवा दाद मागायला येते. आता बादशहाचा न्याय कसोटीला लागतो. कमाल अमरोहींनी लिहिलेल्या या चित्रपटात जहांगिराची भूमिका मोदींनी चंद्रमोहन यांना दिली. प्रभातच्या हिंदी 'अमृतमंथन'मधले ते भेदक डोळे आपल्याकडच्या जुन्या प्रेक्षकांना ठाऊकच आहेत. निर्माते मोदी, दिग्दर्शक मोदी; पण सिंहासन दुसऱ्याला देऊन ते स्वतः त्या सिंहासनापुढे उभे राहिले.

१९४१च्या 'सिकंदर'मध्ये त्यांनी पुन्हा हेच केले. जग जिंकायला निघालेला देखणा सिकंदर झाले पृथ्वीराज कपूर. रुखसाना झाल्या वनमाला. पुढे 'श्यामची आई'त आई म्हणून मराठी घराघरांत पोचल्या त्याच. मोदींनी स्वतःसाठी ठेवला पोरस. झेलमच्या काठी इ.स.पू. ३२६ मध्ये हरलेला हा राजा, पकडून आणल्यावरही विजेत्याकडे बरोबरीच्या नात्याने मान मागतो. तिकडे महायुद्ध पेटलेले, इकडे स्वातंत्र्याची चळवळ धगधगती. परक्या आक्रमकापुढे न वाकणारा पोरस पाहून प्रेक्षकांना काय वाटत असेल, हे वेगळे सांगायला नको. सरकारलाही ते कळले. मुंबईच्या सेन्सॉरने चित्रपट आधी संमत केला होता, तरी लष्करी छावण्यांतल्या काही चित्रपटगृहांत पुढे त्याला बंदी झाली.

तिसरा मुंज. कन्हैयालाल मुनशींच्या कादंबरीवरून १९४३ मध्ये आलेल्या 'पृथ्वीवल्लभ'मध्ये माळव्याचा हा राजा तैलपाच्या कैदेत सापडतो. तैलपाची गर्विष्ठ बहीण मृणालवती त्याचा भर लोकांत पाणउतारा करू पाहते आणि अखेर त्याच्यावरच मन जडवून बसते. मृणालवती होत्या दुर्गाबाई खोटे. दोघांच्या शब्दांची ती खडाजंगी हाच या चित्रपटाचा प्राण. त्यात बेड्या असतात मुंजाच्या हाती, पण मोकळा वाटतो तोच.

स्वतःच्या आयुष्यातला पोरस

मग आली 'झाँसी की रानी'. टेक्निकलरमध्ये निघालेला पहिला भारतीय चित्रपट. 'गॉन विथ द विंड'च्या छायालेखनात वाटा असलेले अर्नेस्ट हॉलर त्यासाठी हॉलिवुडहून आले. राणीच्या भूमिकेत होत्या मेहताब. १९४६ मध्ये मोदींनी त्यांच्याशी विवाह केला होता. मोदी स्वतः झाले राजगुरू. १९५३ मध्ये चित्रपट झळकला आणि कोसळला. लक्ष्मीबाईंचे शौर्य लोकांना प्रिय होते, तरी प्रेक्षक आले नाहीत. ओतलेला पैसा बुडाला.

इथे दुसरा कोणी असता, तर दुकान बंद करून घरी बसला असता. मोदींनी पुढच्याच वर्षी 'मिर्झा गालिब' आणला. त्यात त्यांनी कामही केले नाही. गालिब झाले भारतभूषण आणि त्याच्या गझलांना आवाज मिळाला सुरैयाचा. या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले. हरलेल्या राजाने मान कशी सांभाळावी, हे पोरसाच्या रूपात त्यांनी पडद्यावर दाखवले होते. बारा-तेरा वर्षांनी तीच वेळ त्यांच्यावर आली.

१९५७च्या 'नौशेरवान-ए-आदिल'मध्ये मात्र ते स्वतः इराणचे सम्राट झाले. पण तिथेही बादशाहीचे सुख नाहीच. ज्या न्यायाची प्रतिज्ञा केली, त्याच्या कचाट्यात पोटचा मुलगाच सापडतो. पुढच्या वर्षी बिमल रॉय यांच्या 'यहुदी'त ते रोमन सत्तेने मुलगा हिरावलेला एझरा झाले. दिलीपकुमार आणि मीनाकुमारी समोर असताना हा म्हातारा बाप लक्षात राहतो.

आजच्या प्रेक्षकाला हा अभिनय नाटकी वाटेल, आणि ते खोटेही नाही. कॅमेरा हातभर अंतरावर असतानाही मोदी शेवटच्या रांगेशीच बोलतात. पण त्यांनी निवडलेली माणसे कुजबुजणारी नव्हतीच. सारे गमावल्यावर ज्यांच्याजवळ फक्त शब्द उरतो, अशी ती माणसे. त्यांना तोच आवाज शोभला.

१९७९ सालच्या दादासाहेब फाळके पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. १९८३च्या 'रझिया सुलतान'मध्ये ते वजीर म्हणून दिसले. दिग्दर्शक होते 'पुकार' लिहिणारे कमाल अमरोही. उतारवयातही मोदी सिंहासनाच्या बाजूला उभे होते, सिंहासनावर नाही. २८ जानेवारी १९८४ रोजी, वयाच्या ८७व्या वर्षी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

आता त्या वादाचे काय? आमचे मत पोरसाला. संग्रामसिंहाच्या हाती निदान बादशहाचा दरबार आहे, मुंजाच्या पाठीशी मृणालवतीचे प्रेम आहे. पोरसापाशी काहीच नाही. राज्य गेले, सैन्य गेले. उरलाय तो फक्त सरळ कणा. तुमचे मत वेगळे असू शकेल. एखाद्या रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून 'पुकार' आणि 'सिकंदर' लागोपाठ पाहावेत, आणि मग खुशाल भांडावे.