ह्यूमचे नाव आणि ह्यूमची तळटीप

एडिंबरो विद्यापीठाने सप्टेंबर २०२० मध्ये जॉर्ज स्क्वेअर या चौकातील आपल्या उंच इमारतीचे नाव बदलले. १९६० च्या दशकात उभारलेली ही इमारत तोपर्यंत डेव्हिड ह्यूम टॉवर म्हणून ओळखली जात होती. आता तिला केवळ घरक्रमांक उरला आहे : चाळीस, जॉर्ज स्क्वेअर. त्या वर्षी २५ मे रोजी अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा पोलिसाच्या हातून मृत्यू झाला आणि वर्णद्वेषाविरुद्धच्या आंदोलनाची लाट अनेक देशांत पसरली. एडिंबरोच्या विद्यार्थ्यांनी त्याच सुमारास ह्यूमचे नाव काढून टाकण्याची मागणी करणारे निवेदन सिद्ध केले. त्यावर सतराशेहून अधिक सह्या झाल्या. शहराच्या मुख्य रस्त्यावरील ह्यूमच्या पुतळ्याच्या गळ्यातही निषेधाचा फलक अडकविण्यात आला. परीक्षेत यश लाभावे म्हणून याच पुतळ्याच्या पायाच्या अंगठ्याला विद्यार्थी हात लावून जातात, हे ध्यानात घेतले म्हणजे या घटनेतील विसंगती अधिकच जाणवते.

विद्यार्थ्यांच्या संतापाचे कारण ह्यूमच्या एका निबंधातील एक तळटीप हे होते. त्या तळटिपेचा विचार करण्यापूर्वी ती लिहिणारा माणूस कोण होता, हे पाहणे अगत्याचे आहे.

डेव्हिड ह्यूमचा जन्म १७११ साली एडिंबरो येथे झाला. तो दोन वर्षांचा असताना वडील वारले. घरची शेतीवाडी होती. परंतु धाकट्या मुलाच्या वाट्याला येणारे उत्पन्न बेताचेच होते. वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी तो एडिंबरो विद्यापीठात दाखल झाला आणि पदवी न घेताच बाहेर पडला. घरच्यांनी त्याला कायद्याच्या अभ्यासास बसविले, पण त्यात त्याचे मन रमले नाही. १७३४ मध्ये तो ब्रिस्टल येथे एका साखरेच्या व्यापाऱ्याकडे कारकून म्हणून राहिला. ब्रिस्टल हे त्या काळी गुलामांच्या व्यापाराचे मोठे बंदर होते आणि तेथे उतरणारी साखर गुलामांच्या श्रमावर पिकत होती. ही नोकरी काही महिनेच टिकली. नंतर फ्रान्समधील ला फ्लेश या लहानशा गावी राहून त्याने 'ट्रीटाइज ऑफ ह्यूमन नेचर' हा आपला प्रमुख ग्रंथ लिहिला. १७३९-४० मध्ये तो प्रसिद्ध झाला, तेव्हा लेखकाचे वय तिशीच्याही आत होते. ग्रंथाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

१७४५ मध्ये एडिंबरो विद्यापीठातील नीतिशास्त्राच्या अध्यापकपदासाठी त्याचे नाव पुढे आले. नेमणुकीचा अधिकार नगर परिषदेकडे होता. ह्यूम नास्तिक आहे, अशी हाकाटी धर्मोपदेशकांनी केली आणि ती जागा दुसऱ्याला मिळाली. सहा-सात वर्षांनी ग्लासगो विद्यापीठातही हाच अनुभव आला. त्याचा मित्र अॅडम स्मिथ तेथे प्राध्यापक होता. तथापि लोकमताच्या भीतीपुढे त्याचाही इलाज चालला नाही. अशा प्रकारे अठराव्या शतकातील एका श्रेष्ठ तत्त्वचिंतकाला कोणत्याच विद्यापीठात अध्यापक होता आले नाही.

१७५२ मध्ये तो एडिंबरोच्या वकिलांच्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल झाला. पगार तुटपुंजा होता, पण ग्रंथसंग्रह मोठा होता. त्याने मागविलेली तीन फ्रेंच पुस्तके अश्लील ठरवून विश्वस्तांनी ती काढून टाकण्याचा हुकूम दिला. ह्यूमने नोकरी सोडली नाही, कारण इतिहासलेखनासाठी त्याला ते ग्रंथ हवे होते. मात्र आपला पगार त्याने थॉमस ब्लॅकलॉक या अंध कवीला देऊन टाकला. स्वाभिमान आणि व्यवहार यांचा असा मेळ विरळाच. याच ग्रंथालयाच्या आधाराने त्याने इंग्लंडच्या इतिहासाचे सहा खंड लिहिले. १७५४ ते १७६२ या काळात निघालेल्या या खंडांनी त्याला कीर्ती आणि सुबत्ता दोन्ही दिली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ह्यूम भेटतो तो १७५२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधांतून. देशाची संपत्ती म्हणजे तिजोरीतील सोने-चांदी, अशी त्या काळच्या राज्यकर्त्यांची समजूत होती. निर्यात वाढवावी, आयात अडवावी आणि सोने साठवावे, हे धोरण त्यातून आले. ह्यूमने एक साधी कल्पना मांडली. समजा, देशातील पाचपैकी चार हिस्से नाणे एका रात्रीत नाहीसे झाले. किमती आणि मजुरी उतरतील. माल स्वस्त झाल्याने परदेशात त्याचा खप वाढेल. आणि त्या वाटेने गेलेले नाणे परत येईल. उलट, नाणे पाचपट झाले तर महागाई होऊन ते आपोआप बाहेर वाहून जाईल. तेव्हा सोने कोंडून ठेवण्याचा खटाटोप व्यर्थ होय. शेजारी देशाची भरभराट हे आपले नुकसान नव्हे, हेही त्याने १७५८ मध्ये स्वतंत्र निबंध लिहून सांगितले. १७७६ च्या मार्चमध्ये निघालेल्या स्मिथच्या 'वेल्थ ऑफ नेशन्स'ची वाट याच विचारांनी तयार केली होती.

त्याच वर्षी २५ ऑगस्टला ह्यूमचा अंत झाला. नास्तिक माणूस मरणाला कसा सामोरा जातो, हे पाहण्यासाठी बॉझवेल मुद्दाम त्याच्याकडे गेला होता. ह्यूम त्याला शांत आणि प्रसन्न आढळला. स्मिथने या शांत मृत्यूचे वर्णन करणारे पत्र प्रसिद्ध केले, तेव्हा त्यालाही पुष्कळ शिव्याशाप सोसावे लागले.

आता त्या तळटिपेकडे वळू. निरनिराळ्या राष्ट्रांचे स्वभाव कसे घडतात, याविषयीचा ह्यूमचा निबंध १७४८ चा आहे. हवामानापेक्षा समाजव्यवस्था आणि परस्परसंबंध यांनी स्वभाव घडतो, हे त्याचे प्रतिपादन विवेकाचे आहे. परंतु सुमारे पाच वर्षांनी त्याने त्यास एक टीप जोडली. कृष्णवर्णीय, किंबहुना गोऱ्यांव्यतिरिक्त सर्वच मानववंश, निसर्गतः हीन असावेत, असा संशय त्याने तीत व्यक्त केला. त्यांच्यात कधी संस्कृती निर्माण झाली नाही, असेही विधान केले. जमेकातील एका विद्वान कृष्णवर्णीयाची ख्याती त्याच्या कानी आली होती. हा गृहस्थ म्हणजे लॅटिनमध्ये काव्य करणारा फ्रान्सिस विल्यम्स असावा, असे अभ्यासक मानतात. ह्यूमने त्याला पढविलेल्या पोपटाच्या पंक्तीला बसविले. मृत्यूनंतर १७७७ मध्ये निघालेल्या सुधारित आवृत्तीत इतर वंशांचा उल्लेख गेला. कृष्णवर्णीयांविषयीचा मात्र राहिला.

तो काळच तसा होता, हे समर्थन येथे पुरेसे नाही. जेम्स बीटी या स्कॉटिश अध्यापकानेच १७७० मध्ये या टिपेचे जाहीर खंडन केले होते. ह्यूमचा जिवलग मित्र स्मिथ याने तर १७५९ मध्येच आफ्रिकी माणसाच्या मनाच्या थोरवीपुढे त्याचे मालक किती क्षुद्र आहेत, हे निःसंदिग्धपणे लिहून ठेवले होते. ह्यूमच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, १७७८ मध्ये, एडिंबरोच्या वरिष्ठ न्यायालयाने जोसेफ नाइट या गुलामाच्या खटल्यात स्कॉटलंडचा कायदा गुलामगिरी मानत नाही, असा निर्णय दिला. म्हणजे वेगळा विचार करणारी माणसे त्याच काळात, त्याच देशात होती.

याला दुसरी बाजूही आहे. प्राचीन जगातील गुलामगिरी क्रूर होती आणि ती मालकालाही भ्रष्ट करीत होती, असे ह्यूमने १७५२ मध्ये ठामपणे लिहिले. परंतु १७६६ मध्ये त्याने एका उमरावाला ग्रेनाडातील मळे खरेदी करण्याबाबत अनुकूल पत्र लिहिले. ते २०१४ मध्ये प्रकाशात आले. हे मळे गुलामांच्या श्रमावर चालत असत. त्याच्या टिपेचा आधार एडवर्ड लाँग या जमेकन मळेवाल्याने १७७४ मध्ये आपल्या ग्रंथात घेतला. विद्वानाचे बेसावध वाक्य बाजारात कोणत्या भावाने विकले जाते, याचे हे उदाहरण होय.

ह्यूमचा खरा दोष त्याच्याच मापाने मोजता येतो. पुरावा जेवढा, विश्वास तेवढाच ठेवावा, ही त्याची आयुष्यभराची शिकवण. चमत्कारांची साक्ष त्याने याच कसोटीवर नाकारली. परंतु विल्यम्सच्या विद्वत्तेचा पुरावा समोर येताच तो तपासण्याची तसदी त्याने घेतली नाही. जो संशय त्याने ईश्वरावर घेतला, तो स्वतःच्या पूर्वग्रहावर घेतला नाही.

मग नाव काढले हे योग्य झाले काय? महाराष्ट्राला नावाच्या लढ्याची किंमत ठाऊक आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या काळात माणसे मेली, घरे जळाली. नाव ही केवळ पाटी नसते, दारातून आत येणाऱ्याला तेथे त्याचे स्थान काय आहे हे सांगणारी ती खूण असते. एखाद्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला परीक्षेसाठी ज्या वास्तूत बसावे लागते, तिच्यावर त्याला हीन ठरविणाऱ्याचे नाव नको वाटले, तर त्यात असहिष्णुता आहे असे म्हणता येणार नाही. नाव हा सन्मान आहे. आणि सन्मान देणाऱ्या संस्थेला तो परत घेण्याचाही अधिकार आहे.

परंतु सन्मान काढून घेणे म्हणजे उत्तर देणे नव्हे. पाटी उतरविणे सोपे असते, ग्रंथ वाचणे कठीण. पाटी गेल्यावर ह्यूमही अभ्यासक्रमातून गेला, तर विद्यार्थ्यांच्या हाती रिकामी भिंत तेवढी उरेल. ह्यूमला अध्यापकपद नाकारणाऱ्यांनीही त्याचे ग्रंथ खोडून काढले नव्हते, केवळ त्याला दाराबाहेर ठेवले होते. ती चूक पुन्हा होता कामा नये. वर्गात त्याचा नाणे-प्रवाहाचा सिद्धान्त शिकविला जावा आणि ती तळटीपही त्याच तासाला वाचली जावी. बीटीचे खंडन आणि स्मिथचा निर्वाळा शेजारी ठेवून. मोठ्या बुद्धीचा माणूस कोठे आणि का घसरला, हे कळणे हा शिक्षणाचा गाभा आहे. इमारतीवर कोणाचे नाव असावे, हे विद्यापीठाने आणि तेथील विद्यार्थ्यांनी ठरवावे. इमारतीच्या आत काय शिकविले जाते, याची जबाबदारी मात्र आम्हा शिक्षकांची आहे आणि ती कोणतीही पाटी बदलून टळणारी नाही.