मेणबत्तीच्या उजेडात शरीराच्या आत

शौचावाटे रक्त जाऊ लागले, पोटाच्या सवयी अचानक बदलल्या किंवा घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असला, की डॉक्टर कोलोनोस्कोपी करून घ्यायला सांगतात. बोलीभाषेत, खालून दुर्बीण घालून केलेली तपासणी. जिवंत माणसाच्या शरीरात उजेड नेऊन आत पाहता येईल, हे ज्यांनी पहिल्यांदा यंत्र बनवून दाखवले ते फिलिप बोझिनी मात्र विजेच्या दिव्याच्या कितीतरी आधीचे. त्यांच्याकडे होती फक्त एक मेणबत्ती.

बोझिनींचा जन्म २५ मे १७७३ रोजी जर्मनीतील माइन्झ येथे झाला. वडील इटलीतून आलेले व्यापारी. एका द्वंद्वयुद्धानंतर त्यांना मायदेश सोडावा लागला होता, असे सांगतात. मुलाला वैद्यकाइतकीच गणिताची आणि यांत्रिक करामतींची ओढ होती. चित्रकलेतही हात चांगला होता. त्यांनी स्वतःचे काढलेले चित्र आजही पाहायला मिळते. माइन्झ आणि येना येथे शिकून ते डॉक्टर झाले खरे, पण तो काळ फ्रान्सबरोबरच्या युद्धांचा. ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी त्यांनी १२० खाटांचे रुग्णालय सांभाळले आणि तिथल्या कामामुळे सेनानी आर्चड्यूक कार्ल यांचा विश्वास मिळवला. ही ओळख पुढे उपयोगी पडणार होती. माइन्झ फ्रेंचांच्या ताब्यात गेल्यावर ते फ्रँकफर्टला आले. पत्नी, तीन लहान मुले आणि नव्या गावात नव्याने जमवायचा व्यवसाय असा तो संसार होता.

त्या काळचा डॉक्टर रुग्णाच्या आतल्या अवयवांबद्दल जे सांगे, ते बहुतेक बोटांनी चाचपून आणि अंदाजाने. मूत्राशयातला खडा सळई घालून, तिच्या आवाजावरून ओळखायचा. गुदाशयातील गाठ बोट पोहोचेल तिथपर्यंतच कळायची. जे दिसते ते फक्त शवविच्छेदनात, म्हणजे उपचाराची वेळ निघून गेल्यावर. ही अडचण बोझिनींना डाचत होती. १८०४ च्या सुमारास त्यांनी त्यावर उपाय म्हणून एक यंत्र तयार केले आणि त्याला जर्मन भाषेत प्रकाशवाहक अशा अर्थाचे नाव दिले.

यंत्र दिसायला फुलदाणीसारखे, पत्र्याचे, वरून चामडे मढवलेले, सुमारे ३५ सेंटिमीटर उंचीचे. आत मेणबत्ती. ती जळून खाली गेली तरी ज्योत एकाच उंचीवर राहावी म्हणून खालून स्प्रिंगची योजना केलेली. ज्योतीमागे आरसा. एका बाजूला शरीरात घालायची नळी, तर समोरच्या बाजूला डॉक्टरने डोळा लावायचे भोक. खरी युक्ती मधल्या पडद्यात होती. उजेड एका कप्प्यातून आत जाई आणि आतले दृश्य दुसऱ्या कप्प्यातून बाहेर येई, त्यामुळे ज्योतीने डोळे दिपत नसत. घशासारख्या वळणाच्या जागेसाठी आरसे बसवलेली वाकडी नळीही त्यांनी केली होती. यंत्राची माहिती १८०६ मध्ये हूफेलांड यांच्या वैद्यकीय नियतकालिकात आली आणि पुढच्या वर्षी वायमार येथून पुस्तिका निघाली. गुदाशयातील पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर उगवणारे कोंब, पुढे डोळ्यांनी पाहत काढता येतील, हेही बोझिनींना त्याच वेळी सुचले होते.

नळ्या अवयवानुसार वेगवेगळ्या होत्या आणि इथेच स्त्री-पुरुषांतला फरक समोर येतो. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा आणि जवळजवळ सरळ, तर पुरुषाचा सुमारे वीस सेंटिमीटरचा आणि वळणाचा. उजेड सरळ रेषेत जातो आणि नळीही सरळ. साहजिकच मूत्राशय पाहण्याच्या बाबतीत स्त्रीचे शरीर या यंत्राला सोपे, पुरुषाचे अवघड. हा फरक पुढे बरीच वर्षे टिकला. अमेरिकेतील हॉवर्ड केली यांनी १८९० नंतरच्या दशकात स्त्रियांचे मूत्राशय साध्या सरळ नळीतून तपासण्याची पद्धत रूढ केली. पुरुषांसाठी मात्र भिंगे आणि दिवा बसवलेले, माक्स नित्से यांच्या धर्तीचे यंत्रच लागे.

बोझिनींनी यंत्र आर्चड्यूक कार्ल यांच्यामार्फत व्हिएन्नाला पाठवले. लष्करी शल्यवैद्य तयार करणाऱ्या जोसेफ अकादमीने शवांवर आणि रुग्णांवर त्याची चाचणी घेतली, काही सुधारणा सुचवल्या आणि एकंदरीत चांगला अभिप्राय दिला. मग ते विद्यापीठाच्या वैद्यकीय मंडळाकडे गेले. अकादमी आणि विद्यापीठ यांच्यात जुनी चुरस होती. मंडळाचे मत प्रतिकूल आले आणि यंत्र बाजूला पडले. त्यात दोषच नव्हते असे नाही. मेणबत्तीचा उजेड तुटपुंजा होता आणि दिसणारा भाग छोटा. पण सुधारता येण्याजोगे यंत्र सुधारण्याऐवजी मोडीत काढणे हा निवाडा वैद्यकाचा कमी आणि गटबाजीचा जास्त होता.

बोझिनींना दाद मागायला आयुष्यच उरले नाही. १८०८ मध्ये फ्रँकफर्ट शहराने त्यांना सरकारी वैद्याचे पद दिले. लगेच टायफसची साथ आली. हा उवांमधून पसरणारा ताप, आपल्याकडच्या टायफॉइडहून वेगळा. रुग्णांवर उपचार करताना त्यांनाही तो झाला आणि एप्रिल १८०९ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू झाला. व्हिएन्नात राहिलेले त्यांचे यंत्र दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागोला गेले आणि २००२ मध्ये व्हिएन्नाला परत आले.

त्यांच्यामागून आलेल्यांनी मेणबत्तीच्या जागी आधी तेलाचा आणि मग विजेचा दिवा आणला, पण नळी सरळच राहिली. त्यामुळे मोठ्या आतड्याचा शेवटचा वीतभर भागच दिसे. वळणातून उजेड नेण्याचा प्रश्न सुटला तो काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यामुळे. १९५४ मध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये अशा जुडग्यातून चित्र नेऊन दाखवले. १९६९ पासून न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ आणि हिरोमी शिन्या लवचीक दुर्बीण संपूर्ण मोठ्या आतड्यातून फिरवू लागले, दुर्बिणीतूनच पॉलिपही काढू लागले.

नळी वाकू लागली आणि स्त्री-पुरुषांचे गणित उलटे झाले. बोझिनींच्या सरळ नळीला मूत्राशयाच्या वाटेवर स्त्रीचे शरीर सोपे होते. वाकणाऱ्या नळीला आतड्याच्या वाटेवर तेच अवघड ठरले. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील डॉक्टरांनी १९९६ मध्ये एक्स-रे चित्रांवरून आतड्यांची लांबी मोजली. स्त्रियांची उंची कमी असूनही त्यांचे मोठे आतडे सुमारे १५५ सेंटिमीटर भरले, पुरुषांचे १४५. स्त्रियांमध्ये पोटातला आडवा भाग जास्त लोंबतो आणि बऱ्याच जणींत थेट ओटीपोटात उतरतो. दुर्बीण पुढे ढकलली की ती सरकण्याऐवजी आतड्याचे वेटोळे होते, आतडे ताणले जाते आणि कळ येते. गर्भपिशवी काढलेली असेल तर आतडी चिकटून वळणे आणखी घट्ट होतात. तपासणी करताना बाई कण्हली, तर ती नाजूक किंवा घाबरट आहे असे समजणे म्हणूनच चुकीचे. कारण तिच्या आतड्याच्या ठेवणीत असते.

मोठ्या आतड्याचा कर्करोग पुरुषांना अधिक होतो, आणि सरासरीने लवकर. पॉलिपही त्यांच्यात जास्त सापडतात. अमेरिकेत डॉक्टरांच्या तपासणीचा दर्जा ठरवताना बरीच वर्षे पुरुषांसाठी ३० टक्के आणि स्त्रियांसाठी २० टक्के तपासण्यांत तरी कर्करोगपूर्व पॉलिप सापडावेत असा निकष होता. एवढ्यावरून बायकांना ही तपासणी कमी गरजेची, असा समज होऊ शकतो. पण स्त्रियांमध्ये गाठ आतड्याच्या उजव्या भागात असण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असते. हा भाग दुर्बिणीच्या वाटेवरचा सर्वांत शेवटचा. ज्या शरीरात टोकापर्यंत पोहोचणे कठीण, त्याच शरीरात टोकापर्यंत पोहोचण्याची निकड अधिक. कळ सोसत नाही म्हणून अर्ध्यावर थांबवलेली तपासणी नेमका तोच भाग न बघता संपते.

उपाय आहेत. लहान मुलांसाठीची बारीक दुर्बीण वापरता येते. हवेऐवजी पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड सोडता येतो. रुग्णाला कुशीवरून पाठीवर वळवणे, पोटावर हाताने दाब देऊन वेटोळे सोडवणे, घाई न करणे, यानेही वाट मोकळी होते. पण डॉक्टरांना तयारीने यायचे असेल, तर गर्भपिशवीची किंवा सिझेरियनची शस्त्रक्रिया झाली आहे का आणि आधीची एखादी कोलोनोस्कोपी अर्धवट राहिली होती का, हे टेबलावर झोपण्याआधी त्यांना कळायला हवे. अहवाल हातात आल्यावरही त्यात एक शब्द शोधावा: सीकम. मोठे आतडे जिथे सुरू होते ते हे टोक. तिथपर्यंत दुर्बीण पोहोचली की नाही, ते अहवालात लिहिलेले असते.