गरिबांच्या घरांची चिंता वाहणारी ऑक्टेव्हिया हिल

ज्ञातीतील अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी शहरात घरे बांधावीत, असा विचार आपल्या सभांतून वेळोवेळी निघतो. पैसा कोठून आणावा, येथेच बहुधा चर्चा थांबते. बांधलेले घर पुढे राखावे कसे, हा प्रश्न मागेच राहतो. या प्रश्नापायी जिने आयुष्य वेचले, त्या ऑक्टेव्हिया हिल या इंग्रज स्त्रीचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

ऑक्टेव्हियाबाईंचा जन्म ३ डिसेंबर १८३८ रोजी इंग्लंडातील विसबीच गावी झाला. वडील धान्याचे व्यापारी. परंतु त्यांचे दिवाळे निघाले व प्रकृतीही ढासळली. तेव्हा आईने व आजोबा डॉ. साउथवुड स्मिथ यांनी मुलींचा सांभाळ केला. आजोबा सार्वजनिक आरोग्याचे कैवारी असल्याने गलिच्छ वस्ती व रोगराई यांचे नाते नातीस घरातच उमगले. चौदाव्या वर्षी लंडनमधील एका कार्यशाळेत खेळणी बनविणाऱ्या गरीब मुलांवर देखरेख करण्याचे काम तिच्याकडे आले. त्या मुलांच्या घरांची दैना तिच्या मनास लागून राहिली.

१८६५ साली प्रख्यात ग्रंथकार जॉन रस्किन यांनी मेरिलबोन भागातील तीन जीर्ण घरे ७५० पौंडांस घेऊन बाईंच्या स्वाधीन केली. रकमेवर शेकडा ५ उत्पन्न मिळावे, एवढी अपेक्षा होती. बाईंनी प्रथम गटारे व पाण्याची सोय नीट केली. बाकीच्या सुधारणा भाडेकरू वस्तू जपतात असे पाहून हळूहळू केल्या. भाडे दर आठवड्यास दारी जाऊन घ्यावयाचे. त्या निमित्ताने जिना, मोरी व कुटुंबाची अडचणही दृष्टीस पडे. दुरुस्तीसाठी वर्षाची रक्कम ठरलेली असे. तीतून जे उरे, ते भाडेकरूंनी सुचविलेल्या सोयींवर खर्च होई. अर्थात मोडतोड करील त्याचेच नुकसान! मजुरी नसलेल्या दिवसांत दुरुस्तीचे काम भाडेकरूंनाच मिळे. मुलांसाठी खेळावयास मोकळी जागाही त्यांनी राखली.

१८७४ पर्यंत अशा १५ वसाहती व सुमारे ३,००० भाडेकरू त्यांच्या व्यवस्थेखाली आले. या कामासाठी त्यांनी अनेक स्त्रिया तयार केल्या. उंच इमारतींपेक्षा लहान घरे व समोर बाग त्यांना प्रिय होती. १८८७ साली सदर्क येथे वास्तुशिल्पी एलायजा हूल यांच्या आराखड्याने उठलेली रेड क्रॉस घरे याची साक्ष देतात. १८९५ साली नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्थापनेतही त्यांचा वाटा होता. १३ ऑगस्ट १९१२ रोजी त्यांचे देहावसान झाले.

बाईंच्या पद्धतीत उणीव नव्हती असे नव्हे. भाडे थकविणाऱ्यास घर सोडावे लागे. त्यामुळे ज्यांस नियमित मजुरीच नाही, ते अतिदरिद्री बाहेरच राहत. सरकारने व नगरसंस्थांनी घरे बांधणे त्यांना मान्य नव्हते. परंतु लाखो बेघरांचा प्रश्न खाजगी प्रयत्नांनी सुटणारा नव्हता, हे पुढील काळाने दाखविले.

तथापि एक गोष्ट घेण्यासारखी आहे, असे आम्हांस वाटते. देणगीदारांच्या नावांची शिला बसवून घर पुरे होत नाही. नळाची गळती कोण पाहणार, दुरुस्तीचा निधी कोठून येणार व राहणाऱ्याचे मत कोण विचारणार, हे आराखड्याबरोबरच ठरले पाहिजे. मदत अशी असावी की, घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. ज्ञातिबांधवांनी घरांचा विचार करताना एवढे ध्यानी ठेवावे, ही विनंती.