बुडबुडेवाला प्रीस्टली

मित्रांनो, मेसमध्ये जेवण जरा जास्त झालं (किंवा जरा जास्तच वाईट झालं) की आपली पावलं आपोआप गेटबाहेरच्या सोड्याच्या गाडीकडे वळतात. गोटी खाली जाते, फस्स आवाज होतो, नाकात झिणझिण्या येतात आणि जिवात जीव येतो. पण साध्या पाण्यात हे बुडबुडे पहिल्यांदा मुद्दाम कोणी कोंबले, असं व्हायवामध्ये विचारलं तर आपल्यातले निम्मे लोक छताकडे बघतील. त्या माणसाचं नाव जोसेफ प्रीस्टली. दहावीच्या पुस्तकात तो ऑक्सिजनपुरता एका ओळीत भेटतो आणि एका मार्कात संपतो. त्याचं आयुष्य मात्र एका मार्काचं नक्कीच नव्हतं.

जोसेफचा जन्म मार्च १७३३ चा, इंग्लंडमध्ये लीड्सजवळच्या बर्स्टल गावचा. वडील कापडावर शेवटचा हात फिरवणारे कारागीर. आई तो सहा-सात वर्षांचा असतानाच गेली आणि पोराला आत्याने वाढवलं. घरची मंडळी इंग्लंडच्या सरकारी चर्चला न मानणाऱ्या पंथाची. अशा लोकांना तेव्हा ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची पदवी मिळत नसे. म्हणजे टॉपची दोन कॉलेजं अ‍ॅडमिशनच्या आधीच बंद! त्यातून हा बोलताना अडखळायचा आणि व्हायचं होतं धर्मोपदेशक. शेवटी १७५२ मध्ये डॅव्हेंट्रीच्या एका अकादमीत तो दाखल झाला. ती त्याच्या पंथाच्याच लोकांनी चालवलेली होती आणि तिथे प्रत्येक प्रश्नाच्या दोन्ही बाजूंनी वाद घालायची मुभा होती. ही सवय त्याला जन्मभर पुरली आणि जन्मभर नडलीही.

लॅटिन, ग्रीक, हिब्रू, फ्रेंच, जर्मन, अरबी अशा भाषा त्याने शिकून घेतल्या. विज्ञानाची पदवी मात्र त्याने कधीच घेतली नाही. नॅन्टविचला त्याने शाळा काढली आणि पदरचे पैसे घालून तिच्यासाठी हवेचा पंप आणि विजेचं यंत्र आणलं. पुढे वॉरिंग्टनच्या अकादमीत भाषा शिकवल्या. तिथे असतानाच १७६२ मध्ये मेरी विल्किन्सनशी लग्न झालं. मेकॅनिकलवाल्यांसाठी खास माहिती: मेरीचा भाऊ जॉन विल्किन्सन म्हणजेच वॅटच्या वाफेच्या इंजिनाचे सिलिंडर अचूक बोअर करून देणारा तो लोखंडवाला. लंडनला प्रीस्टलीची बेंजामिन फ्रँकलिनशी ओळख झाली. त्याच्या प्रोत्साहनाने त्याने विजेचा इतिहास लिहायला घेतला आणि लिहिता लिहिता प्रयोगही करून पाहिले. १७६६ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला आणि पुस्तक १७६७ मध्ये बाहेर आलं.

शेजारची ब्रुअरी

१७६७ मध्येच तो लीड्सच्या मिल हिल चॅपलमध्ये उपदेशक म्हणून आला. राहायला मिळालेलं घर नेमकं एका ब्रुअरीला लागून होतं. दुसरा एखादा धर्मोपदेशक वासाने हैराण झाला असता. हा मात्र रोज पिंपांत डोकावू लागला. आंबणाऱ्या बिअरवर सुमारे वीतभर ते फूटभर जाडीचा एक अदृश्य थर साचायचा. पेटती ढलपी त्यात धरली की विझायची आणि तिचा धूर त्या थरातच तरंगत राहायचा. पिंपाच्या काठावरून हा वायू पाण्यासारखा खाली सांडायचा. म्हणजे तो हवेपेक्षा जड. त्या काळी त्याला फिक्स्ड एअर म्हणत, आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो.

मग त्याने काय केलं? दोन भांडी घेतली, पिंपावरच्या थरात धरली आणि एकातलं पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातलं पहिल्यात असं ओतत बसला. आपला चहावाला चहा फेटतो ना, तस्सं! थोड्या वेळाने पाणी चाखलं तर ते जर्मनीतल्या नावाजलेल्या खनिज झऱ्यांच्या पाण्यासारखं जिभेला टोचत होतं. श्रीमंत लोक ज्या पाण्यासाठी पैसे मोजायचे, ते इथे भिंतीपलीकडे फुकट तयार होत होतं.

थोड्या दिवसांनी घर बदललं आणि ब्रुअरी सुटली. मग वायू घरीच करायची वेळ आली. बाटलीत खडूची पूड आणि पाणी, वरून थोडं सल्फ्युरिक अ‍ॅसिड; निघालेला वायू एका फुग्यासारख्या मूत्राशयात (हो, डुकराच्या) साठवायचा, तिथून नळीने पाण्याने भरलेल्या उपड्या बाटलीत सोडायचा आणि बाटली जोरजोरात हलवायची. १७७२ मध्ये त्याने ही सगळी कृती एका छोट्या पुस्तिकेत छापली, कोणालाही घरी करता येईल अशी. सोडावॉटरने खलाशांचा स्कर्व्ही बरा होईल अशी त्याला आशा होती आणि त्याच वर्षी निघालेल्या कॅप्टन कुकच्या जहाजांना त्याची पद्धत देण्यात आली. ती आशा चुकीची ठरली, कारण स्कर्व्ही होतो व्हिटॅमिन सीच्या अभावाने. सोडा मात्र टिकला.

पेटंट त्याने घेतलंच नाही. जॉन नूथ नावाच्या डॉक्टरने मूत्राशय काढून सुबक काचेचं उपकरण केलं, वर त्या मूत्राशयामुळे पाण्याला कसा वास येतो तेही छापून टाकलं. याचा प्रीस्टलीला राग आला, पण उपकरण चांगलं आहे हे त्याने पुढे मान्य केलं. जेकब श्वेप याने जिनिव्हात १७८३ मध्ये सोड्याचा धंदा सुरू केला आणि १७९२ मध्ये तो लंडनला आणला. आजही बाटलीवर त्याचं नाव आहे. प्रीस्टलीला या धंद्यातून दमडीही मिळाली नाही. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या ह्याच.

जुन्या फाउंटनच्या पोटात

हे सगळं आज का सांगायचं? अमेरिकेतल्या जुन्या ड्रगस्टोअरमध्ये संगमरवरी काउंटरवर सोडा फाउंटन असायची. दांडा एका बाजूला ओढला की सोड्याची जाड धार, दुसऱ्या बाजूला ढकलला की बारीक जोरदार फवारा. भंगारात गेलेली अशी यंत्रं हौशी मंडळी घरी आणून पुन्हा चालू करतात. तसं यंत्र उघडलं तर आत प्रीस्टलीच सापडतो. त्याचं हलवणं आत आहे: पंप पाण्याचा फवारा वायूने भरलेल्या टाकीत मारतो, म्हणजे पाणी आणि वायू यांची गाठ पडायला भरपूर पृष्ठभाग मिळतो. बाकी दोन गोष्टी म्हणजे थंडावा आणि दाब. एक लिटर पाण्यात साध्या वातावरणीय दाबाला ०° सेल्सिअसवर साधारण १.७ लिटर वायू विरघळतो, २५° वर जेमतेम पाऊण लिटर. आणि दाब दुप्पट केला की विरघळणारा वायूही दुप्पट. हा नियम १८०३ मध्ये मांडला विल्यम हेन्रीने. त्याचे वडील थॉमस हेन्री मँचेस्टरला सोडावॉटर करून विकायचे! म्हणजे आपण जो हेन्रीज लॉ पाठ करतो, त्याच्या घरातच सोडा होता.

म्हणून जुन्या फाउंटनमधून सोडा मिळमिळीत आला तर नवखा माणूस आधी दाब वाढवतो, जाणकार आधी पाण्यात थर्मामीटर बुडवतो. बहुतेक वेळा बर्फाखालची नागमोडी नळी क्षाराने चोंदलेली असते किंवा पाणीच कोमट असतं. बाकी दुखणी ठरलेली: कडक झालेले वॉशर, अडकलेले व्हॉल्व्ह, गळके जोड. वॉशर आणि नळ्या सरसकट नव्या, खाद्यपदार्थांना चालणाऱ्या घ्यायच्या. जुने शिशाचे जोड आणि नळ्या सरळ काढून टाकायच्या. सोडा आम्लधर्मी असतो, तांबं-पितळ त्यात विरघळून पोटात गेलं तर उलट्या होतात. म्हणून टाकीनंतर स्टेनलेस स्टील, आणि सोडा उलटा नळाच्या तांब्याच्या पाइपात शिरू नये म्हणून मध्ये चांगला चेक व्हॉल्व्ह.

टाकीशी मात्र मस्करी नाही. खोलीच्या तापमानाला सिलिंडरमध्ये सुमारे ५७ बार दाब असतो, फाउंटनच्या टाकीला लागतो साधारण ७ बार. मधला रेग्युलेटर आणि टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह नवाच हवा. जुन्या टाकीची चाचणी जाणकाराकडून, पाणी भरूनच घ्यायची, वायू भरून नाही. दाबलेलं पाणी टाकी फाटली तरी नुसतं गळतं. दाबलेला वायू बॉम्बसारखा सुटतो. आणि खिडकी उघडी ठेवायची. लीड्सच्या पिंपावर पेटती ढलपी विझवणारा जड थर बंद खोलीच्या जमिनीवरही साचतो, आणि तिथे विझायला आपणच असतो.

ऑक्सिजन आणि हट्ट

१७७३ ते १७८० प्रीस्टली लॉर्ड शेलबर्नकडे वर्षाला २५० पौंडांवर नोकरीला होता. काम मुलांच्या शिक्षणाकडे बघणं आणि ग्रंथसंग्रह सांभाळणं; उरलेला वेळ प्रयोगांचा. बारावीला आपण पाण्याच्या टबात बाटली उपडी ठेवून वायू गोळा करतो. प्रीस्टलीने टबात पाण्याऐवजी पारा भरला. त्यामुळे पाण्यात विरघळून हातातून निसटणारे अमोनिया, हायड्रोजन क्लोराइड, सल्फर डायऑक्साइड असे वायू तावडीत सापडले. १ ऑगस्ट १७७४ रोजी त्याने १२ इंची भिंगाने उन्हाचा झोत पाऱ्याच्या लाल भस्मावर धरला. निघालेल्या वायूत मेणबत्ती झगझगीत पेटली. पुढच्या वर्षी त्याच वायूत कोंडलेला उंदीर साध्या हवेतल्यापेक्षा कितीतरी जास्त टिकला. हाच ऑक्सिजन. स्वीडनच्या शीलेला तो आधीच सापडला होता, पण त्याचं पुस्तक १७७७ मध्ये आलं. प्रीस्टलीने आपलं काम लगेच जाहीर केलं, पॅरिसला जाऊन लॅव्हाझिएला जेवणाच्या टेबलावर सांगूनही टाकलं.

लॅव्हाझिएने त्यावरून नवं रसायनशास्त्र उभं केलं. प्रीस्टलीने मात्र फ्लॉजिस्टनची जुनी कल्पना मरेपर्यंत सोडली नाही. जळताना पदार्थातून काहीतरी बाहेर पडतं, हेच तो धरून बसला. हात अचूक, निरीक्षण चोख, पण निष्कर्ष जुनाच. रीडिंग बरोबर आणि कन्क्लूजन चूक अशी जर्नलं आपल्याकडेही कमी नसतात!

आग

१७८० मध्ये तो बर्मिंगहॅमला आला. तिथल्या लूनर सोसायटीत वॅट, बोल्टन, वेजवुड, इरॅस्मस डार्विन अशी मंडळी जमायची. सुखाचे दिवस होते. पण प्रीस्टली चर्चच्या अधिकाराविरुद्ध लिहायचा आणि फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू उघडपणे घ्यायचा. १४ जुलै १७९१ ला बॅस्टिलच्या वाढदिवसानिमित्त शहरात एक जेवण झालं. प्रीस्टली त्याला गेलाही नव्हता. तरी जमाव आधी त्याच्या पंथाच्या प्रार्थनास्थळांवर आणि मग त्याच्या घरावर गेला. नवरा-बायको कसेबसे निसटले. घर, ग्रंथसंग्रह, वर्षानुवर्षं जमवलेली उपकरणं, हस्तलिखितं यांचं एका रात्रीत होत्याचं नव्हतं झालं. दंगल आणखी काही दिवस चालू राहिली. भरपाई मिळाली ती नुकसानापेक्षा बरीच कमी. मेव्हणा विल्किन्सन मदतीला धावला. लंडनमध्ये मात्र रॉयल सोसायटीतलेही अनेकजण त्याला टाळू लागले.

१७९४ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी, त्याने अमेरिकेचं जहाज धरलं. फिलाडेल्फियाला रसायनशास्त्राची प्राध्यापकी चालून आली, ती त्याने नाकारली. सस्क्वेहॅना नदीकाठच्या नॉर्थम्बरलंड नावाच्या छोट्या गावी तो राहायला गेला. १७९५ मध्ये धाकटा मुलगा हॅरी गेला, १७९६ मध्ये मेरी गेली. नवं घर बांधून झालं तेव्हा ते बघायला ती नव्हती. त्या घरात त्याने पुन्हा प्रयोगशाळा मांडली. पुन्हा बाटल्या, नळ्या, भट्टी, पुन्हा वायू. विद्यापीठ कसं असावं यावर थॉमस जेफरसन त्याचा सल्ला घ्यायचा. ६ फेब्रुवारी १८०४ च्या सकाळी त्याने अंथरुणावरूनच आपल्या लिखाणातल्या दुरुस्त्या सांगितल्या, त्या नीट उतरल्या आहेत याची खात्री करून घेतली आणि थोड्याच वेळात प्राण सोडला. शेवटचं सबमिशन वेळेत!

दोनच वर्षांनी, १८०६ मध्ये, येलचा प्राध्यापक बेंजामिन सिलिमन न्यू हेवनमध्ये सोडावॉटर विकू लागला आणि बघता बघता सोडा फाउंटन अमेरिकेच्या गावोगावी पोहोचली. १ ऑगस्ट १८७४ ला, ऑक्सिजनच्या शंभरीला, अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ नॉर्थम्बरलंडच्या त्या घराजवळ जमले. त्यातूनच १८७६ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटी उभी राहिली. तिचा सर्वोच्च सन्मान आज प्रीस्टलीच्या नावाने दिला जातो.

मित्रांनो, आपल्या लॅबमध्ये इक्विपमेंट नाही, मशीन बंद आहे, ग्रँट आली नाही, ही रड आपण रोज ऐकतो, करतोही. या माणसाने भांडी, खडू आणि एका मूत्राशयावर काम सुरू केलं, जे सापडलं ते सगळ्यांना फुकट सांगितलं, आणि जमावाने सगळं जाळल्यावर साठीनंतर परक्या देशात पहिल्यापासून मांडलं. वर्कशॉपच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेलं एखादं यंत्र तुमच्याही डोळ्यासमोर आलं असेल. या सेमिस्टरला ते उघडून तर बघा!